तालमीतली किल्ली

झडप चुकत नाही, हे आमच्या गावात शाळकरी पोरालाही माहीत होतं. त्यामुळे मी गरोदर आहे हे कळल्यावर कोण चुकलं असेल, असा प्रश्न कुणाला पडलाच नाही. चुकले मीच.

"झडप बंद. किल्ली तुझ्या कपाटात. लेक माझा सदा तालमीत," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. "मग ह्ये काय आभाळातनं पडलं व्हय गं, अक्षता?"

झडप बंद असल्याचा पुरावाही मीच दिला होता. कपाटातून किल्ली काढून नवऱ्यापुढे धरली, तर दिवा हिरवा लागला. हिरवा म्हणजे बंद. आत्यांनी तो दिवा पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी घरातली सूनच नव्हे, कुणीतरी उकिरड्यावरून आत आलेली.

माझा नवरा रणधीर समोर उभा होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण हे लिहिताना करणार नाही. तेवढा मान त्यानं शिल्लक ठेवलेला नाही. पंचक्रोशीतला नावाजलेला पैलवान, भल्याभल्यांना चितपट करणारा. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला.

"अहो, काहीतरी बोला," मी म्हणाले. "डीएनएची तपासणी करू. तुमचा थोडा नमुना लागेल, एवढंच."

"यात्रेचं कुस्त्यांचं मैदान होऊ दे. मग बघू," तो म्हणाला.

"मैदानाच्या दुसऱ्या दिवशी भावकी बसंल," आत्या म्हणाल्या. "तवर ते काय हाय ते मोकळं करून ये, आनि माहेरचा रस्ता धर. ओवी हितंच ऱ्हाईल. पोवारांची पोर हाय ती."

ओवी माझी चार वर्षांची मुलगी. आपलं नाव ऐकून ती आतल्या खोलीतून "काय?" म्हणून ओरडली. रणधीरनं लंगोट आणि टॉवेल पिशवीत भरले आणि तो तालमीत मुक्कामाला गेला. मैदानाआधी पंधरा दिवस पैलवान तालमीतच राहतात. बायकोचं तोंड बघायचं नाही, असा तिथला नियम आहे. त्या दिवशी तो त्याला फार सोयीचा पडला.

ही झडप म्हणजे काय, ते आमच्या गावाला जितकं कळलं असं वाटत होतं तितकं कळलं नव्हतं. म्हणून नीट सांगते.

पुरुषाचं बीज अंडकोषात तयार होतं आणि शेवईएवढ्या बारीक दोन नळ्यांतून वर येतं. जुन्या नसबंदीत या नळ्या कापून बांधायचे. पुन्हा मूल हवं झालं तर जोडण्याचा खटाटोप, आणि जोडून उपयोग होईलच याची खात्री नाही. झडपेत कापाकापी नाही. दोन्ही नळ्यांत तिळाएवढी एकेक झडप बसवतात. चुंबकाची किल्ली बाहेरून कातडीला टेकवून फिरवली की झडप बंद, उलटी फिरवली की उघडी. बंद असताना बीज झडपेपाशी अडतं आणि शरीर ते जिरवून टाकतं. दुखत नाही, खुपत नाही. पुरुषाच्या ताकदीत कणभर फरक पडत नाही, कारण ती ताकद ज्या रसायनातून येते ते या नळीतून जातच नाही. ते थेट रक्तात उतरतं. हे एवढं वाक्य लक्षात ठेवा. आमच्या गावानं ठेवलं नाही.

किल्लीच्या दुसऱ्या टोकाला दिवा असतो. हातभर अंतरावरून धरला तरी चालतो. बंदला हिरवा, उघड्याला लाल. आणि बनवणाऱ्यांनी सगळ्या किल्ल्या एकसारख्या बनवल्या. कुठलीही किल्ली कुठल्याही झडपेला चालते. त्यांना वाटलं असणार, पुरुषाची झडप त्याच्या मर्जीविरुद्ध कोण उघडायला जातंय? त्याच्या मर्जीनं उघडली आणि बायकोला पत्ताच नसला तर काय, हे त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या हिशेबात बायको धरलेलीच नव्हती.

आम्ही बायका मात्र झडपेवर खूश होतो. का नसणार? ओवीच्या वेळी माझं रक्तदाबाचं दुखणं इतकं वाढलं की मला झटके आले. मी शुद्धीवर आले तेव्हा ओवी काचेच्या पेटीत होती आणि डॉक्टर मगदूम माझ्या उशाशी बसून होत्या. पुढचं बाळंतपण माझ्या जिवाशी खेळ ठरेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग सुरू झाली माझी वरात. आधी तांबी बसवली, तर रक्तस्राव थांबेना. नेहमीच्या गोळ्या रक्तदाबामुळे बाद. निरोध वापरा म्हटलं तर रणधीरला दुकानात मागायची लाज. आरोग्य केंद्रात फुकट मिळतात म्हटलं तर तिथला शिपाई त्याच्या ओळखीचा. ऑपरेशन कर, आत्या म्हणाल्या. म्हणजे अर्थातच मी. एकदा मरता मरता वाचलेल्या बाईचं पोट पुन्हा कापायचं, पण त्यांच्या लेकाला सुई टोचायची नाही.

तशात डॉक्टरांच्या दवाखान्यात झडपेचं शिबिर लागलं, आणि आश्चर्य म्हणजे तालमीतले पैलवानच रांगेत पुढे उभे राहिले. फोटो निघाले. "खरा मर्द जबाबदारी घेतो" असा फलक ग्रामपंचायतीवर लागला. तीन महिन्यांनी तपासणी होऊन सगळं साफ असल्याचं कळलं की गावात समारंभ व्हायचा. नवरा बायकोच्या ओटीत खण, नारळ, तांदूळ आणि ती किल्ली घालायचा. किल्लीची ओटी म्हणायचे त्याला. सरपंचबाईंनी सुरू केली आणि घरोघरी रूढ झाली. रणधीरनं माझ्या ओटीत किल्ली घातली तेव्हा मला रडू आलं होतं. मी ती दागिन्यांच्या डब्यात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली हातात आली म्हणजे सगळंच हातात आलं, असं वाटलं मला. माझ्यासारखी बावळट मीच.

डॉक्टर मगदूमांचा दवाखाना तालुक्याला. तिथं जायला मला मैदानाचा आदला दिवस उजाडला. त्यांनी माझी तपासणी केली, रक्तदाब दोनदा मोजला आणि विचारलं, "झडप मध्ये कधी उघडली होती?"

"किल्ली माझ्या कपाटात असते."

"ते मी विचारलं नाही."

बाई बोलायला तिखट, पण प्रश्न बरोबर होता. दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर माझं काम दूध तपासायचं. यंत्र फॅट सांगतं, पाणी सांगतं, युरिया सांगतं. पण म्हैस कुणाची, ते सांगत नाही. आपण जे विचारू तेवढंच यंत्र सांगतं. मी किल्लीला विचारलं होतं, आत्ता बंद आहे का? ती हो म्हणाली. त्याआधीचं मी विचारलंच नव्हतं, आणि तिला ते सांगताही येत नव्हतं.

"समजा, मध्ये उघडली आणि परत बंद केली," मी म्हणाले. "तर मग दिवा हिरवाच लागणार."

"हिरवाच. पण त्या हिरव्याला अर्थ नाही. उघडी असताना जे बीज पुढं गेलं ते झडपेच्या वर साठून राहतं. झडप बंद केली म्हणून ते नाहीसं होत नाही. पुढचे तीन महिने दुसरी काळजी घ्यायची, मग तपासणी, मग मोकळं. प्रत्येक वेळी बंद केली की प्रत्येक वेळी. बाहेर भिंतीवर केवढ्या अक्षरांत लिहून लावलंय."

मला आमचा टँकर आठवला. टँकर भरला की कॉक बंद करतात, पण पाइपात दूध राहतंच. नवा माणूस पाइप उचलतो आणि अंगभर भिजतो. जुने हसतात.

"आता तुझं बोलू," डॉक्टर म्हणाल्या. "ठेवायचं असेल तर डोळ्यांत तेल घालून सांभाळू, पण धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. नको असेल तर अजून वेळ आहे, गोळ्यांनी होईल. काय ते तू ठरव. सही तुझी लागते."

"आणि मालकांची?"

"तुझी एकटीची. सज्ञान बाईची एकटीची सही पुरते. कायदा आजचा नाही, जुना आहे. पण बाईला तो कुणी सांगत नाही."

खरं सांगते, मला दिलासा नाही वाटला, संताप आला. माझ्या आईपासून सगळ्या बायका नवऱ्याच्या सहीसाठी हातापाया पडत आल्या, आणि एकीलाही कुणी सांगितलं नाही! मी निर्णय तिथंच घेतला होता. मला ओवीसाठी जगायचं होतं. पण त्या दिवशी सही केली नाही.

"आज केलं तर सासूनं हाकललं म्हणून केलं असं होईल," मी म्हणाले. "पाप धुवून आली म्हणतील, आणि ओवीला ठेवून घेतील. हे कुणामुळं झालं ते आधी मला गावाला दाखवायचंय."

"फार दिवस लावू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर शाहीन मुजावर बसली होती. अरबाज पैलवानाची बायको, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. मला बघून तिनं ओढणी तोंडावर ओढली. मी शेजारी जाऊन बसले.

"तुझंही?" मी हळूच विचारलं.

तिनं मान हलवली आणि रडायलाच लागली. "अरबाज म्हणतोय, अल्लाची मर्जी. सासू म्हणती, मर्जी अल्लाची हाय का आनि कुणाची, ते बघाय लागंल. वहिनी, मी मशिनीवर बसून गावाचे ब्लाऊज शिवती. घराबाहेर पाय टाकत न्हाई. मी कुठं जाणार?"

"किल्ली कुठं असते तुझी?"

"पेटीत. कुलूप लावून."

मी मनात दिवस मोजले. "अरबाज पाडव्याच्या मैदानात होता?"

"व्हता की. तीन नंबरची कुस्ती मारली त्यानं. त्याच रात्री तर घरी..." ती थांबली.

रणधीरही त्याच रात्री घरी आला होता. डोक्याला फेटा, खांद्यावर गदा. आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. मी शाहीनकडे बघितलं, शाहीननं माझ्याकडे. दोन घरं, दोन कुलपं, दोन किल्ल्या, आणि दोघींचे नवरे एकाच मातीत लोळणारे.

"वस्ताद," शाहीन म्हणाली. "तालमीत सगळं त्येंच्याच हुकमानं हुतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तालमीत गेलो. यात्रेचं मैदान त्याच दिवशी संध्याकाळी होतं.

तालमीत बाई जात नाही. दारात डबा ठेवायचा आणि मागं फिरायचं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याची ती तांबडी माती मी फोटोतच बघितली होती. मी चप्पल काढली, उंबरा ओलांडला आणि आत गेले. शाहीन माझ्या पाठोपाठ आली. आत हळद, ताक, लिंबू आणि घाम यांचा एकत्र वास होता. हौद्यातल्या, म्हणजे आखाड्यातल्या, मातीत पैलवान अंग चोळत बसले होते. आम्हाला बघून एकेकानं टॉवेल ओढले, जणू आम्हीच नागड्या आत आलो होतो.

"अय! कोण ती? भाईर व्हा!" दौलू वस्ताद दगडी कट्ट्यावरून ओरडले. दौलू वस्ताद म्हणजे गावातला शेवटचा शब्द. पांढऱ्या मिशा, मोडलेला कान, आणि बोललेलं मागं न घेण्याची सवय. "बाईमाणसानं हौद्यात पाय टाकायचा न्हाई. माती बाटती!"

"टाकत नाही वस्ताद. कडेनंच जाते," मी म्हणाले आणि पदराआडून किल्ली काढली.

हौद्याच्या कडेकडेनं मी चालत गेले. पहिल्या पैलवानापाशी दिवा लागला. लाल. पुढचा, लाल. त्याच्या पुढचा सरपंचबाईंचा धाकटा दीर, ज्याच्या बायकोची किल्लीची ओटी साऱ्या गावानं जेवली होती. लाल. अरबाजनं तर अंगच चोरलं, पण किल्लीला हातभर अंतर पुरतं. लाल. शेवटी रणधीर होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि किल्ली धरली.

लाल.

"वहिनी, तितं बघा," शाहीन म्हणाली.

मारुतीच्या तसबिरीखाली एक खिळा होता. खिळ्यावर झडपेची किल्ली लटकत होती. तसबिरीला घातलेला झेंडूचा हार तिच्यावरून खाली ओघळला होता. ब्रह्मचारी देवाच्या पायाशी, माळ घालून. मला हसावं की रडावं कळेना.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तालमीची," वस्ताद म्हणाले. आवाजात लाज नव्हती, उलट अभिमानच होता. "पोरांनी झडपा बशिवल्या, मी न्हाई म्हणलो न्हाई. पन बंद झडपेनं अंगातलं पानी सडतंय. त्येज कमी हुतंय. म्हणून मैदानाच्या आधी पंधरा दिस मी स्वता झडप मोकळी करतो. मैदान झालं, की हितंच बंद करून घरी लावून देतो. त्येवढे दिस पोरं हितंच निजत्यात. एकेक लंगोटाचा सच्चा हाय माझा. मग बायकांस्नी सांगायचं कारनच काय?"

बघा आता. त्यांच्या डोक्यातला हिशेब किती सरळ होता! पोरं तालमीत, बायका घरी, झडप उघडी असताना गाठभेट नाही. घरी जाताना झडप बंद. कुठंच फट नाही. तीन महिन्यांचं पथ्य त्यांनाही ठाऊक होतं, पण ते त्यांनी जखमेचं पथ्य समजलं होतं. टाका भरेपर्यंत आंबट खायचं नाही, तसलं. जखम एकदाच झाली, पथ्य एकदाच पाळलं, संपलं.

"वस्ताद, ताकद त्या नळीतनं येत नाही," मी म्हणाले. "ती रक्तातनं येते. झडप बंद असो की उघडी, तुमच्या पैलवानाच्या दंडाला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि झडप बंद केली तरी आधी पुढं गेलेलं बीज महिनोन् महिने नळीत राहतं. तुम्ही यांना बंद करून नाही, भरून घरी पाठवलंत!"

"आमच्या आज्ज्या-पंज्यापास्नं तालीम चालत आलीया. तू मला ताकद शिकिवतीस?"

"आज्ज्या-पंज्याला झडप होती का, वस्ताद?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. वस्तादांनी कट्ट्यावर हात आपटला. शाहीन हळूच म्हणाली, "माझी सासू मला रंडी म्हणाली, वस्ताद. तुमच्या त्येजापायी." एवढंच. मुसमुसत नव्हती ती आता.

मी रणधीरकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं झडप उघडली होती ते."

"बंद करूनच आलो हुतो की," तो म्हणाला.

"आत्यांनी मला विचारलं तेव्हा एवढं तरी सांगायचं होतं, की मध्ये उघडली होती म्हणून. तुम्हाला वाटलं का, मी कुणाकडं गेले असेन?"

"न्हाई," तो लगेच म्हणाला. "तसलं कवाच न्हाई वाटलं. शप्पत."

"मग?"

तो मातीकडे बघत म्हणाला, "तालमीचं भाईर सांगायचं न्हाई, असं ठरल्यालं. आनि सांगिटलं असतं, तर लोक म्हणाले असते, मैदानाआधीच लंगोट सोडला. नाव गेलं असतं."

संशय आला असता तर मी समजून घेतलं असतं. माणूस आहे, येतो संशय. पण याला संशयही नव्हता! मी निर्दोष आहे हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि स्वतःच्या लंगोटाची अब्रू राखायला त्यानं माझी चव्हाट्यावर टाकली, ओवी माझ्यापासून तुटायला निघाली ते उभ्यानं बघितलं, आणि तालमीत येऊन बदामाची थंडाई प्यायली. अडीच मणाच्या गड्याला उचलून आपटणारा हा माणूस, आणि आईपुढं एक वाक्य उचलवलं नाही त्याला.

शाहीननं टाचा उंचावून खिळ्यावरची किल्ली काढली. हार अलगद सोडवून तसबिरीला नीट घातला. किल्ली पर्समध्ये टाकली. "ही आम्ही न्हेतो," ती म्हणाली. तिला कोणी अडवलं नाही.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. आत्या दारातच उभ्या. हातात हळदकुंकवाचं तबक. सकाळपर्यंत ज्या मला पाण्याचा तांब्या भरून देत नव्हत्या, त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्यावरून बोटं कडाकडा मोडली.

"माझंच चुकलं गं बाई. जीभ झडो माझी. आता दूध केंद्रावर जायचं न्हाई, जड उचलायचं न्हाई. औंदा पोरगाच हुतोय बघ. पाडव्याचा हाय, गदा घेऊन आल्याला."

"आत्या, कालपर्यंत मोकळं करून ये म्हणत होता."

"तवा ते कुणाचं ठावं न्हवतं. आता आपलं हाय."

काल ते परक्याचं होतं तर माझ्या पोटातून काढायचं होतं, आज त्यांचं झालं तर माझ्या पोटात ठेवायचं. पोट कुणाचं, हे काल कुणी विचारलं नाही आणि आजही नाही. ओवीच्या वेळी मी मरायला टेकले होते, त्या रात्री याच बाई दवाखान्याच्या दारात देवाला नवस बोलत होत्या. तेही विसरल्या. माझ्या जिवाला त्यांच्या हिशेबात त्या कुंकवाच्या बोटाएवढीही जागा नव्हती.

"आणि मला पुन्हा झटके आले तर?"

"सगळ्यांचंच न्हाई बिघडत. देव हाय की."

मी ओवीला उचललं, तिचे दोन फ्रॉक पिशवीत टाकले आणि शाहीनच्या दारावरून तालुक्याच्या गाडीला गेले. शाहीन माझ्यासोबत आली. तिला दुसरं मूल हवंच होतं, फक्त शिव्यांसकट नको होतं. ती ठेवणार होती. तो तिचा निर्णय. मी तिला नको ठेवूस म्हणाले नाही, ती मला ठेव म्हणाली नाही. गाडीत आम्ही ओवीला शेंगदाण्याचे लाडू भरवत राहिलो.

डॉक्टर मगदूमांनी मला पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. कधी काय होईल, किती दुखेल, कशासाठी लगेच यायचं. पुढं काय वापरायचं तेही विचारलं. "दंडातली काडी आहे. कातडीखाली बसवतात, तीन वर्षं राहते, रक्तदाबाला चालते. नको झाली तर येऊन काढून जायचं. कुणाकडे किल्ली नाही, कुणाला विचारायचं नाही."

"तीच द्या," मी म्हणाले.

मी सही करत होते तेवढ्यात रणधीर आत आला. मैदान सोडून आला होता. कानात माती, शर्टाची बटणं खालीवर. धापा टाकत टेबलाला धरून उभा राहिला.

"डॉक्टर, थांबा. माझं ऐका. मी... माझी सही कुठं असती? मी सही देनार न्हाई."

"तुमची सही लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"नवरा हाय मी तिचा."

"झडप उघडताना माझी सही घेतली होती का?" मी विचारलं.

त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याची कीव आली नाही असं मी म्हणणार नाही. आली. पण ओवीच्या बापाची कीव आली म्हणून ओवीची आई मरायला तयार होत नाही. मी सही पुरी केली. मग पिशवीतून आमची किल्ली काढली, जी त्यानं खण-नारळासकट माझ्या ओटीत घातली होती, आणि ती त्याच्या मातीच्या हातात ठेवली.

"ही ठेवा तुमच्यापाशी. मला आता लागत नाही."

"मग मी काय करू, अक्षता?"

"बाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक पाटी आहे. झडप बसवली त्या दिवशीही तिथंच होती. तिच्यासमोर बसा आणि वाचा. मोठ्यानं वाचा, आतपर्यंत ऐकू आलं पाहिजे. आणि वाचून झालं की जाऊन आत्यांना वाचून दाखवा."

तो बाहेर गेला. परिचारिकेनं दार लोटलं आणि मला पाणी आणून दिलं. दाराबाहेर आधी नुसती पुटपुट ऐकू आली. मग ओवीला घेऊन बसलेल्या शाहीनचा आवाज आला, "अवो, पैल्यापास्नं वाचा." आणि मग पंचक्रोशीतला नावाजलेला पैलवान अडखळत, अक्षरं जुळवत वाचायला लागला: "झडप प्रत्येक वेळी बंद केल्यानंतर..."

मी गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याले.